शहाणी

वीटभट्टीवर कामाला लागण्याआधी बाया आपापली पोरं लुगड्याच्या पट्टीनं झाडाला बांधायच्या. मोकळी सुटली की जाळाकडे पळायची. गोमीची दोन वर्षांची लेक मात्र बसवली तिथंच बसायची. "माझी पोर लय शहाणी, तिला बांधाय लागत नाय," गोमी मिरवायची.

एके सकाळी नर्सबाई आल्या. त्यांनी पोरीची पापणी ओढून पाहिली, आत पांढरंफटक.

"शहाणी कसली, बाई? अंगात रक्तच नाही तिच्या. उठणार कशी?"

गोमीनं लुगड्याची पट्टी फाडून पोरीलाही झाडाशी बांधलं. विटा वाहताना ती सारखी वळून म्हणत होती, "ओढ गं बाय, एकदा तरी ओढ."

दिवस मावळला तरी पट्टी सैल ती सैलच.