चार अक्षरी शब्द

सिद्धीने आधी 'मेलन' लिहिलं. ते चुकलं. मग तीच अक्षरं फिरवून तिने 'लेमन' लिहिलं आणि फोनवर हिरवी खूण उमटली.

कोडं साधं होतं. पाच अक्षरी इंग्रजी शब्द, त्यात एल, एम आणि एन. समोरच्याने मनात धरलेला शब्द तीन प्रयत्नांत ओळखायचा, मग आपलं कोडं पाठवायचं. खेळात नाव दिसत नसे, नुसता नंबर. तो सिद्धीला पाठ होता. पहिल्या पगारातून अण्णांना घेऊन दिलेल्या फोनचा नंबर होता तो.

"आज काय आलं?" कार्तिकने विचारलं.

"लिंबू."

"आणि काल?"

"चमचा."

तो हसला. "एवढे इंग्रजीचे मास्तर, आणि कोडी अशी?"

"मला लहानपणीही सोपीच घालायचे," सिद्धी म्हणाली.

अण्णा, म्हणजे तिचे वडील वासुदेवराव, मल्लेश्वरमच्या एका शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते. चार वर्षांपूर्वी सिद्धीने म्हैसूरच्या कार्तिकशी लग्न करायचं ठरवलं तेव्हा ते म्हणाले, "आपल्यातला नाही." बोलणं वाढत गेलं. शेवटी ते म्हणाले, "या घरातून कोणी तिला फोन करायचा नाही."

आई तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती काहीच बोलली नाही. कन्नड शाळेत चौथीपर्यंत शिकलेली ती बाई मोठ्या गोष्टींत कधीच बोलत नसे. औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय तेसुद्धा सिद्धीच तिला वाचून सांगायची.

अण्णांच्या रागापेक्षा सिद्धीला ते गप्प राहणं जास्त लागलं होतं.

"अण्णा निदान भांडले तरी," ती कार्तिकला सांगायची. "आईने मला नुसतं जाऊ दिलं."

दोन वर्षं अशीच गेली. मग एका संध्याकाळी, एचएसआर लेआउटमधल्या ऑफिसातून निघता निघता, तिच्या फोनवर त्या नंबरावरून खेळाचं आमंत्रण आलं. ती पार्किंगमध्ये स्कूटरला टेकून बराच वेळ उभी राहिली. मग तिने 'हो'वर बोट ठेवलं.

उत्तरं नेहमी संध्याकाळी सहा ते सातच्या मध्येच येत. ती अण्णांची सँकी तलावावर फिरायला जायची वेळ. तलावाकाठच्या बाकावर बसून, चष्मा कपाळावर चढवून ते फोनमध्ये बघताहेत, असं तिच्या डोळ्यांपुढे यायचं.

सुरुवातीच्या महिन्यांत मात्र तिला धास्ती वाटली होती. साध्या शब्दांत चुका व्हायच्या. 'क्वाएट'सारखा शब्द तीनही वेळा हुकायचा. एका चुकलेल्या अक्षरासाठी दहादा लिहायला लावणाऱ्या अण्णांना स्पेलिंग येईना. ती कार्तिकजवळ रडलीही होती. "त्यांना काही होत तर नसेल ना? विसरायला लागले असतील?"

"डॉक्टरला विचारू या का?"

"विचारणार कसं? मी कोण त्यांची आता?"

ती मुद्दाम जपून शब्द द्यायला लागली. हळूहळू चुका कमी झाल्या. वर्षभरात तर पहिल्या प्रयत्नातच उत्तर यायला लागलं. अण्णा सावरले म्हणून तिला हायसं वाटलं.

या फेब्रुवारीत तिने एक कोडं सकाळी दहाला पाठवलं. चार अक्षरी, त्यात बी दोनदा आणि शेवटी वाय. ही बातमी कार्तिकशिवाय अजून कोणालाच माहीत नव्हती. सासूबाईंनाही उगादीला, म्हणजे पाडव्याला, सांगायचं ठरलं होतं.

संध्याकाळपर्यंत थांबावं लागणार, हे धरून ती मीटिंगला बसली. पाच मिनिटांत उत्तर आलं. 'बेबी.'

मागोमाग कोडंही आलं. चार अक्षरी, त्यात सी, ओ आणि एम.

तिने घाईघाईने 'कोम्ब' लिहिलं. चुकलं. मग तिच्या लक्षात आलं, आणि तिने शेवटचं अक्षर बदललं. 'कम.' ये.

"रविवारी जाते," तिने घरी आल्यावर सांगितलं.

"सरी, ठीक आहे," कार्तिक म्हणाला. "मी सोडतो. पण वर येणार नाही."

रविवारी अकराला अण्णांनीच दार उघडलं. केस पुरते पांढरे झाले होते.

"तू?" ते म्हणाले. मग घसा खाकरून, "एकटीच आलीस?"

"कार्तिक खाली आहे."

"त्याला उन्हात कशाला उभा केलायस? वर बोलाव."

सिद्धीने फोन लावला. अण्णा खुर्चीत बसले, उठले, पंखा लावला, पुन्हा बसले.

"तुम्ही बोलावलंत म्हणून धीर झाला, अण्णा."

"मी?"

"परवा. कोड्यातून."

"कसलं कोडं?"

"फोनवरचं. मी दिलेल्या फोनवर रोज खेळता ते."

अण्णांनी सदऱ्याच्या खिशातून बटणांचा जुना फोन काढून तिला दाखवला. "मला हाच जमतो. तुझा तो मी कधी उघडलाही नाही. कुठे पडलाय कोण जाणे." त्यांनी फोन परत खिशात ठेवला. "बोलवायला हवं होतं, सिद्धी. रोज वाटायचं. पण मी नाही बोलावलं."

आई पाणी घेऊन बाहेर आली. तिने भांडं सिद्धीच्या हातात दिलं, तिच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि हळूच विचारलं, "कितवा महिना?"