अक्षरांचं झाड

बाबांची मोहाच्या झाडावरची चार ओळींची कविता आपल्याला पाठ आहे, असं चामोर्शीत सगळेच सांगतात. बाबांच्या शोकसभेसाठी चुलतभाऊ आदेशने त्या कवितेच्या अक्षरांचं मोठं झाड फ्लेक्सवर छापून आणलं. अकरा वक्ते त्यापुढे गहिवरले.

"दादाजीभाऊचं एकएक अक्षर बोलून राह्यलं," मुख्याध्यापक म्हणाले. मग सगळ्यांनी झाडासोबत फोटो काढले.

आई शेवटी उठली. तिला बाबांनीच पन्नाशीत वाचायला शिकवलं होतं. ती अजून बोट ठेवून वाचते. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत बोट फिरवून तिने मला हळूच विचारलं,



"तुह्या बाबाची कविता कुठी आहे व? इथी तं सगळीकडं 'आमचे येथे धानाचे बियाणे मिळेल' एवढंच लिवलं आहे."