आठ खाचा

समोर सरकारी मोफत दवाखाना उघडल्यापासून जोयड्यातल्या बाबुराव डॉक्टरांचं बाकडं रिकामंच होतं. आज जवळच्या गुंद गावची तुळजा आली, पण तिची बाटली आधीच भरलेली होती. "औषध समोरचं हाय, दाक्तर. एका वेळी किती द्यायचं ते इसरले. तुमची खाचांची पट्टी चिकटवून द्या. पट्टीबिगर आमच्या मालकास्नी औषध लागू पडत न्हाई." बाबुरावांनी बूच काढून वास घेतला. हिवतापावरचं कोयनेल, स्वतःच्या औषधाहून कडक. बाटलीत आठ डोस, म्हणजे बाटलीवरच्या कागदाला आठ खाचा, एका खाचेला एक डोस. त्यांनी कात्रीनं चारच पाडल्या. दुप्पट औषधानं नवरा ओकेल, आणि उद्या अख्खं गुंद फुकटच्या दवाखान्याला शिव्या देत इथं येईल. तुळजा खळीचं भांडं सरकवत म्हणाली, "गुण आला की तुमचंच नाव सांगते. समोरच्याला कोण वळखतंय?" बाबुरावांनी ती पट्टी चुरगळली आणि नव्या कागदाला मोजून आठ खाचा पाडल्या.