हात धरून बसा

"गोळ्या दुधाबरोबर घ्यायच्या नाहीत. बरं वाटलं तरी बंद करायच्या नाहीत. आणि अँथ्रॅक्स एकाचा दुसऱ्याला होत नाही. चला, पुढे या."

दिवसभर तेच तेच बोलून सिस्टरच्या घशाला कोरड पडली होती. हवेत पसरलेल्या त्या जंतूंनी अख्ख्या शहराची झोप उडवली होती, आणि हॉस्पिटलच्या आवारातली रांग काही संपायचं नाव घेत नव्हती.

पुढचा माणूस टॅक्सी ड्रायव्हर होता. गोळ्यांचं पाकीट त्याने हातरुमालात धरून उचललं.

"अहो, मी काही चावत नाही," सिस्टर म्हणाली.

तो हसला नाही. समोरच्या वॉर्डाकडे बघत म्हणाला, "धाकटा भाऊ आहे आत. डॉक्टर म्हणतात, आजची रात्र निघणं कठीण. सकाळपासून दारातूनच बघतोय मी त्याला. घरी लहान पोरं आहेत हो माझ्या."

"मग जवळ जा की! हात धरून बसा. त्याच्यामुळे तुम्हालाही काही होणार नाही आणि पोरांनाही नाही." पाठ झालेलं वाक्य, पण या वेळी तिने ते अगदी मनापासून म्हटलं. तो बिचकत बिचकत वॉर्डाकडे निघाला.

तेवढ्यात फाटकातून हाक आली, "आई!"

सासरे नातीला घेऊन आले होते. सिस्टरला घरी जायला सवडच मिळाली नव्हती. आजोबांचा हात सोडवून लेक धावत सुटली, आणि सिस्टरचा हात आपसूक वर गेला.

"तिथेच थांब! जवळ येऊ नकोस!"

लेक थबकली. वॉर्डाच्या पायरीवर ड्रायव्हरही थबकला आणि वळून सिस्टरकडे बघत राहिला.

सिस्टरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती उठली. गोळ्यांच्या टेबलाला वळसा घालून गेली, लेकीला उचलून घेतलं आणि गालाला गाल लावला.

"बघताय काय?" ती पायरीकडे ओरडली. "जा आत! वाट बघत असेल तो."

ड्रायव्हरने रुमाल खिशात कोंबला आणि दार ढकललं.

"आई," लेक तिच्या कानाशी कुजबुजली, "तुझी छाती केवढी धडधडतेय."