थट्टेची कबुली

"एकच ओळ लिहायची आहे, बाई," कोतवाल म्हणाला. "'हे मी थट्टेने लिहिलं आहे.' गोष्टीच्या माथ्यावर टाका, की प्रकरण मिटलं."

रफूवाल्या बाईंनी मान वर केली नाही. मांडीवर कुणाचा तरी लोकरीचा कोट होता, कोपरावर चांगलं बोरभर भोक पडलेला. त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून उसवलेला धागा सुईत ओवलेला होता.

"नाही लिहिणार," त्या म्हणाल्या.

कोतवाल म्हणजे पोलिसातला माणूस नव्हे. हा गृहस्थ औषधांच्या दुकानात गोळ्यांच्या पट्ट्या कापायचा आणि उरलेल्या वेळात 'नऊ ज्वाळांची गाथा' या अवाढव्य कादंबरीच्या वेड्यांची बैठक राखायचा. बैठक इंटरनेटवर भरायची. मूळ लेखकाने नऊ खंड लिहून हात टेकले, पण वाचकांचं पोट भरेना. म्हणून ते स्वतःच पुढच्या गोष्टी रचून तिथे टाकत. तिथली आवड ठरलेली. ड्रॅगनने शहर जाळावं, राणीने शाप द्यावा, शेवटी कुणीतरी कड्यावर प्राण सोडावा आणि वाचकांनी खाली 'रडून डोळे सुजले' असं लिहावं. ज्याच्या गोष्टीत जास्त डोळे सुजले, तो थोर.

अशा सुतकी मंडळीत चार वर्षांपूर्वी बाईंची गोष्ट शिरली. तिच्यातल्या ड्रॅगनचा पंख फाटतो आणि तेव्हापासून तो उंचीला घाबरतो. राणी सिंहासन सोडून त्याच्या शेजारी बसते आणि पंख रफू करते. नुसता धागा निवडण्यातच अकरा पानं जातात. निम्मी बैठक हसून गडबडा लोळली. उरलेली निम्मी भडकली आणि धुमसत धुमसत यंदा तिने रीतसर आरोप ठोकला. गाथेची टिंगल म्हणजे काय, घरचं कार्य आहे का?

बैठकीचा रिवाज साधा होता. टिंगलीचा आरोप आला, की लेखकाने थट्टेची कबुली द्यायची. मग सगळं माफ. कबुली दिली नाही, तर गोष्ट पुसून टाकायची आणि लेखकाला दार कायमचं बंद.

"रविवारी रात्री बारापर्यंत मुदत आहे," कोतवाल म्हणाला. "एकेचाळीस प्रकरणं पुसताना मला काय बरं वाटेल?"

"मग पुसू नका."

"आम्हाला विनोद कळत नाही असं समजू नका हो. पंखाला अस्तर लावायचा तो प्रसंग वाचून मी दुकानात इतका हसलो, की खोकल्याच्या माणसाला जुलाबाचं औषध देणार होतो."

बाईंनी दाताने धागा तोडला. "तुम्हाला काय कळतं ते मी कशाला सांगू? हा कोट तुमचा आहे का?"

"नाही."

"मग उजेड सोडून उभे राहा."

घरी लेक वाट बघत होती. ती लोकांना गाडी चालवायला शिकवायची आणि दिवसभर शेजारच्या सीटवरून ओरडून तिची जीभ तशीच वळलेली.

"आई, जरा ब्रेक दाब. एक ओळ टाक आणि मोकळी हो."

"माझी गाडी बरोबर चालली आहे."

"समोर भिंत आहे."

"असू दे. भिंतीने बाजूला व्हावं."

आठवडाभर बैठकीत नुसती धुमश्चक्री चालली. 'खरा विनोदकार पाटी लावत नाही,' असं एकाने लिहिलं आणि त्या वाक्यामागे माणसं गोळा होऊ लागली. गोष्ट पुसली तर आम्हीही निघालो, असं तीनशे बारा जणांनी कळवलं. बाईंनी प्रत्येकाचं म्हणणं वाचलं. उत्तर एकालाही दिलं नाही.

बाई बेचाळिसाव्या प्रकरणात गुंतल्या होत्या. शिवलेला पंख पहिल्यांदा उघडायला किती दिवस थांबावं, यावर त्यांचं अडलं होतं. शेवटी त्या गुरांच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या. डॉक्टरने तासभर समजावलं आणि निघताना पोपटाची तब्येत विचारली. बाई म्हणाल्या, "पोपट नाही, थोडा मोठा आहे." डॉक्टरने पिंजरा बदलायला सांगितलं.

हा किस्सा ऐकून लेकीच्या हातातला चहा सांडला. "तुझं डोकं इतकं तिरकस चालतं तरी कसं गं?"

बाईंनी फडकं आणून टेबल पुसलं.

रविवारी रात्री साडेअकराला मायलेकी लॅपटॉपसमोर बसल्या. जेवणाची भांडी तशीच पडलेली. लेक दर मिनिटाला पान ताजं करत होती. बाईंचे हात मांडीवर होते आणि त्यांत सुई नव्हती, हे लेकीला फार दिवसांनी दिसत होतं.

"अजून वेळ आहे," लेक म्हणाली. "मी लिहू का तुझ्या नावाने?"

"बोटं मोडीन."

बाराला पाच मिनिटं असताना कोतवालाचा निकाल आला. लेकीने तो मोठ्याने वाचला. 'ही थट्टा इतकी उघड आणि इतकी उत्तम आहे, की तिला कबुलीची गरज नाही, असं सर्वानुमते ठरलं आहे. गोष्ट आजपासून विनोदाच्या दालनात, सगळ्यांच्या वर राहील.'

"जिंकलीस," लेकीने आईच्या पाठीत धपका घातला. "वाकवलंस की त्यांना. पण एक ओळ लिहिली असतीस, तर आठवडाभर झोप तरी लागली असती. एवढा हट्ट कशासाठी?"

"खोटी कबुली कशी देऊ?"

"खोटी?"

बाईंनी लॅपटॉप स्वतःकडे वळवला. निकालाखाली हसणाऱ्यांची रांग लागली होती. ती त्यांनी शेवटपर्यंत पाहिली.

"तू पण हसलीस, म्हणून तुला विचारते," त्या म्हणाल्या. "एवढा मोठा जीव पंख फाटून जमिनीवर पडलाय आणि कुणीतरी जवळ बसून त्याला शिवतंय. यात हसण्यासारखं काय आहे?"