भूल देण्याआधी

मॉनिटरवर नाडी अठ्ठ्याहत्तर होती. घड्याळं दुरुस्त करण्यात हयात घालवलेल्या बाबांनी ती भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिली. पहिलंच ऑपरेशन, तेही पूर्ण भूल देऊन.

"घाबरू नका काका," नर्स म्हणाली. "भूल उतरताना थोडं बरळाल, इतकंच. परवा एकांनी तर पोटातली सगळी गुपितं बाहेर काढली."

आकडा एकशे अठरावर गेला.

"भिताय काय बाबा? दुकान मी बघतो," थोरला मुलगा खिशातल्या किल्ल्या वाजवत म्हणाला. दहा वर्षं दुकानात राबणारी धाकटी लेक बाबांचं पांघरूण सारखं करत होती.

स्ट्रेचर दाराशी आलं, तसा बाबांनी हात वर केला.



"शुद्धीत आहे तोवरच सांगतो, दोन वर्षांपूर्वीच ठरवलंय, पण जीभ रेटली नाही. किल्ल्या धाकटीकडे दे. दुकान तिचं."