भागुजींची सावली

एप्रिलच्या उन्हात पॉलिहाऊसमधला जरबेरा करपत होता आणि छपरावरची, माणसं बघून आपणहून सरकायला शिकणारी जाळी मोकळ्या वाटेवर सावली धरत होती. काम करणाऱ्याच्या डोक्यावर ऊन येऊ द्यायचं नाही, हे ती एकाच माणसाकडून शिकली होती. शेवंताबाईंचे यजमान भागुजी जाऊन आठ महिने झाले, तरी सावली त्यांच्याच लंगड्या चालीनं थांबत थांबत पुढे सरकत होती.

"काकू, जाळीची आठवण पुसतो," दुरुस्तीला आलेला ओंकार म्हणाला. "तासाभरात झाडांवर सावली धरायला शिकेल."

तेवढ्यात एक वाजला. सावली हात धुवायच्या नळापाशी थांबली, मग कोपऱ्यातल्या पालथ्या क्रेटवर जाऊन स्थिरावली.

"थांब जरा," शेवंताबाई हळूच म्हणाल्या. "त्यांचं जेवण होऊ दे."